कॅमेऱ्यानं निवडलेला आकडा

बिबवेवाडीतल्या आमच्या घरात सकाळ व्हायची ती आईच्या गुळण्यांच्या आवाजानं. कोमट पाणी, मीठ, चिमूटभर हळद. मोरीत उभी राहून ती मान मागं टाकायची आणि घशातून असा काही खळखळाट काढायची, की वरच्या मजल्यावरचे लोक त्यावर घड्याळ लावत असतील, असं बाबा म्हणायचे. आई महापालिकेच्या शाळेत शिकवायची. भरगच्च वर्ग, खिडकीखाली वाहता रस्ता, आणि त्या सगळ्या गोंगाटावर आवाज चढवून वर्षानुवर्षं शिकवणं. यात तिचा घसा गेला तो गेलाच. सकाळी तिचा आवाज फुटका असायचा, दुपारी जाडा, आणि संध्याकाळी नुसती हवा. संध्याकाळी आम्ही तिघं बुद्धवंदना म्हणायला बसायचो, तेव्हा बाबा सुरुवात करायचे, मी मागून म्हणायचे आणि आई फक्त ओठ हलवायची. रविवारी मात्र आवाजाची गरज नसे. खोबरं-कांदा भाजल्याचा वास जिन्यापर्यंत जायचा, मटणाचा रस्सा रटरटत असायचा, आणि आई पळी कढईवर आपटून आम्हाला जेवायला बोलवायची. बाबा एका सरकारी कचेरीत लिपिक होते. बोलायला गोड, आवाज कधी न चढवणारे, कुणी काही म्हटलं की हसून सोडून देणारे. त्यांचं ते हसणं मला लहानपणी फार आवडायचं.

कॅमेरा बाबांनीच आणला. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मैत्रिणीचा कॅमेरा मागून मागून फोटो काढत होते. एक दिवस कचेरीतून येताना त्यांनी खोका आणला, काही न बोलता पलंगावर ठेवला आणि हातपाय धुवायला गेले. त्या वेळी तसा मोठा, भिंग बदलता येणारा डिजिटल कॅमेरा आमच्या आळीत कुणाकडेच नव्हता. जेवण झाल्यावर आम्ही तिघं माहितीपुस्तिका घेऊन बसलो. ती इंग्रजीत होती. बाबा एकेक वाक्य मोठ्यानं वाचायचे, मी अर्थ सांगायचा प्रयत्न करायचे. आयएसओच्या पानावर आम्ही बराच वेळ अडलो. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती हळवा ठेवायचा, त्याचा आकडा. आकडा वाढवला की अंधुक जागीही फोटो येतो, पण त्यावर बारीक वाळू भुरभुरल्यासारखे दाणे दिसतात. कमी ठेवला तर फोटो नितळ येतो, पण उजेड भरपूर लागतो. नाहीतर कॅमेऱ्याला डोळा फार वेळ उघडा ठेवावा लागतो आणि तेवढ्यात समोरचं माणूस हललं की सगळं पुसट. हा आकडा दर वेळी आपण ठरवायचा, किंवा ऑटोवर ठेवून कॅमेऱ्याला ठरवू द्यायचा.

“ऑटोवर ठेव,” आई तिच्या संध्याकाळच्या आवाजात म्हणाली. “या घरात एक काम तरी आपोआप होऊ दे.”

म्हणून मी तो ऑटोवर ठेवला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका संध्याकाळी वीज गेली. आई खिडकीशी पेपर तपासत बसली होती. दिवे गेले तरी ती उठली नाही, खुर्ची तेवढी खिडकीकडे सरकवली. बाहेरून उरलासुरला उजेड येत होता. एका मुलाचं उत्तर वाचून ती मनाशी हसली, लाल पेनाचं टोक तिच्या गालाला लागलं आणि तिथं एक ठिपका उठला. मी फोटो काढला. आकड्याचा विचार माझ्या डोक्यातही नव्हता. मी आईकडे बघत होते. आज एवढी वर्षं हाच माझा धंदा आहे, लग्नं, बारशी, साठीशांती असं सगळं करते, पण इतकं निवांतपणे कुणाच्या तोंडाकडे बघायला पुन्हा फार कमी वेळा मिळालं आहे.

तो फोटो मी कॉलेजच्या छायाचित्र क्लबाच्या प्रदर्शनात लावला आणि त्याला दुसरं बक्षीस मिळालं. बक्षीस समारंभाला आईची शाळा होती, पण बाबांनी अर्धी रजा टाकली. इस्त्रीचा बुशशर्ट घालून ते सगळ्यात मागच्या रांगेत बसले होते. परीक्षक एक वयस्क छायाचित्रकार होते, पांढरी दाढी, गळ्यात चष्मा. प्रत्येक विजेत्याला फोटोसमोर उभं करून ते दोन प्रश्न विचारत होते. माझ्या फोटोखालच्या कार्डावरचं आडनाव त्यांनी जरा थांबून वाचलं. मग कार्डावरची तांत्रिक माहिती वाचली.

“फोटो उत्तम आहे. आयएसओ सोळाशे. का हो, सोळाशेच का घेतलात? आठशे का नाही?”

“मी नाही घेतला, सर. ऑटोवर होता.”

“अच्छा. म्हणजे कॅमेऱ्यानं घेतला.”

“हो, सर.”

“मग बक्षीसही कॅमेऱ्यालाच द्यायला हवं. बोलवा त्याला वर.”

सभागृह हसलं. मीही हसले असते, विनोद काही वाईट नव्हता. पण तेवढ्यात मधल्या रांगेतून एका मुलाचा आवाज आला, हळू नाही आणि मोठ्यानंही नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असा. “अरे, यांना सगळं ऑटोच मिळतं.”

आता दुसरं हसू उठलं. ते पहिल्यासारखं नव्हतं. ‘यांना’ म्हणजे कुणाला, हे आमच्या कॉलेजात कुणाला समजावून सांगावं लागत नसे. प्रवेशाच्या याद्या लागल्या की नोटीस बोर्डासमोर हेच बोलणं वेगवेगळ्या शब्दांत ऐकू यायचं. यांना काय, आयतंच मिळतं. मला चांगले गुण होते, तरी मी ते ऐकून पुढं जायचे. त्या दिवशी पुढं जायला जागा नव्हती. मी फोटोसमोर उभी होते, फोटोत आई होती आणि कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. परीक्षकांनी ऐकलं की नाही कोण जाणे, ते पुढच्या फोटोकडे वळले. मी मागच्या रांगेकडे बघितलं. वाटलं, निदान बाबा. आणि बाबा हसत होते. शेजारच्या अनोळखी माणसाकडे बघून, दात दिसतील इतके, मान हलवत हसत होते.

मला त्या मुलाचा राग यायला हवा होता. तो आला, पण नंतर, फार नंतर. त्या क्षणी मला लाज वाटली ती बाबांची. यांना कळलंच नाही, असं मला वाटलं. भोळा माणूस, लोक हसले म्हणून हसला. आणि असं वाटलं याचीही लगेच लाज वाटली. बक्षिसाचं स्मृतिचिन्ह हातात घेऊन मी स्कूटरवर मागं बसले. सिग्नलला बाबा मान वळवून म्हणाले, “माणूस विनोदी होता.” मी म्हटलं, “हो.” वाटेत त्यांनी पेढे घेतले. घरी आल्यावर जिन्यातल्या प्रत्येक दारावर थाप मारून त्यांनी ते वाटले, “सुजाताचं बक्षीस, सुजाताचं बक्षीस” म्हणत. मी आत पलंगावर बसून ती दारं उघडल्या-मिटल्याचे आवाज ऐकत होते. आईनं माझ्या तोंडात पेढा घातला.

दुसऱ्या दिवसापासून मी ऑटोला हात लावला नाही. आता काहीही आपोआप होणार नव्हतं. प्रत्येक फोटोचा आकडा मी ठरवणार होते आणि कुणी विचारलंच तर तो का, हेही मला सांगता येणार होतं. क्लबातल्या जाणत्या मुलांचा दंडक असा, की आकडा जितका खाली, तितका फोटो काढणारा तयारीचा. दाणे दिसले की नाक मुरडायचं. फ्लॅश मारणं तर शिवीसारखं. हे सगळं मी मुकाट्यानं आत्मसात केलं. घरच्यांचे हाल सुरू झाले. पोह्यांच्या बशा हातात धरून आई-बाबांनी ताटकळत उभं राहायचं, मी आकडा शंभरवर, मग दोनशेवर, पुन्हा शंभरवर करत बसायचे. “अगं, पोह्यांवरची कोथिंबीर सुकली,” आई म्हणायची. “आता आम्हाला हलता येईल का?” बाबा मात्र ढिम्म उभे राहायचे. मी सांगेपर्यंत श्वास रोखून धरायचे. ते तसे उभे राहिले की मला आणखीच अस्वस्थ व्हायचं, कारण सांगता येत नसे.

त्याच सुमारास डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं की शिकवणं थांबवलं नाही तर आहे तोही आवाज राहणार नाही. आईनं स्वेच्छानिवृत्ती घेतली. शाळेनं निरोप समारंभ ठरवला. तिच्या सहकारी बायकांमध्ये नलूताई नावाच्या चित्रकलेच्या बाई होत्या, जिभेला धार असलेल्या. त्यांनी स्टुडिओवाल्याला बोलवायचं रद्द केलं. “बाईंची मुलगी बक्षीस मिळवलेली आहे,” त्या म्हणाल्या, “आणि आपण बाहेरचा माणूस आणायचा? तो वडे खाण्यासाठीच येतो.”

समारंभात आईला बोलायचं होतं. त्यासाठी आवाज साठवायचा म्हणून तिनं आधीच्या आठवड्यात बोलणं बंद केलं. हवं-नको खुणांनी चालायचं. मीठ कमी असेल तर ती चिमूट दाखवायची, बाबांना उशीर झाला तर मनगटावर बोट आपटायची. गंमत अशी, की ती बोलत नाही म्हणून आम्हीही कुजबुजायला लागलो. सगळं घर दबक्या आवाजात चालायचं, कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला व्हायचं. त्या आठवड्यासारखी शांतता आमच्या घरात मी आधी अनुभवली नव्हती.

समारंभाच्या दिवशी आधी मैदानात सगळ्यांचा एकत्र फोटो काढला. ऊन होतं, आकडा शंभर, फोटो नितळ आला. मग सगळे हॉलमध्ये गेले. हॉल कसला, दोन वर्गांमधली लाकडी पार्टिशन बाजूला केलेली जागा. एका बाजूच्या खिडक्या कपाटांनी झाकलेल्या, वर ट्यूबलाइट, त्यातल्याही काही मिणमिणत्या. माझ्या हाताला कळलं होतं की उजेड कमी आहे. बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. ऑटो केलं असतं तर कॅमेऱ्यानं आकडा सोळाशेच्याही वर नेला असता आणि फोटोवर वाळू पडली असती. पडली असती तर पडली असती. पण मधल्या रांगेतलं ते वाक्य माझ्या कानातून जात नव्हतं. मी आकडा चारशेवर ठेवला, तोही नाइलाजानं, आणि तिथून हलवला नाही.

आई उठली. पांढरी साडी, निळा काठ. तिचा आवाज लागला. मी तसा तो लहानपणी ऐकला असेल, पण मला आठवत नव्हता. खणखणीत, जरा घोगरा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. तिनं भाषण केलंच नाही. ती म्हणाली, “मी पहिल्यांदा वर्गावर गेले तेव्हा भीतीनं मला काही सुचेना, म्हणून मी नुसती हजेरी घेतली. आजही तेच करते.” आणि तिनं आपल्या पहिल्या वर्गाची हजेरी तोंडपाठ घ्यायला सुरुवात केली. पहिल्या नावाला लोक हसले. दुसऱ्या नावाला नलूताई मागून बारीक आवाजात “हजर, बाई” म्हणाल्या. मग प्रत्येक नावाला कुणीतरी हजर म्हणू लागलं. मुख्याध्यापक म्हणाले, शिपाई म्हणाले, बाबाही उठून म्हणाले. आई नाव घेताना हात पुढं करायची, जणू ते मूल तिथं बसलंच आहे. शेवटी शेवटी बायका पदर डोळ्यांना लावून हजर म्हणत होत्या. मी हॉलभर फिरत, वाकून, गुडघ्यावर बसून फोटो काढत होते. कॅमेऱ्याच्या मागच्या चिमुकल्या पडद्यावर ते झकास दिसत होते. मला फार दिवसांनी बरं वाटत होतं.

घरी येऊन फोटो संगणकावर उघडले. पहिले मैदानातले, स्वच्छ. मग हॉल. आईला चेहरा नव्हता. जिथं तोंड हवं तिथं एक फिकट ओघळ, हातांच्या जागी पंख्यासारखं काहीतरी. उजेड पुरेना म्हणून कॅमेऱ्यानं डोळा उघडा ठेवला होता आणि तेवढ्या वेळात माणसं हलली होती. रडणारी, हसणारी, बोलणारी माणसं हलणारच. स्थिर आली होती ती टेबलं, फळा आणि हार घातलेली खुर्ची. मी पुढचा फोटो, त्याच्या पुढचा, असं करत शेवटपर्यंत गेले. हजर म्हणणाऱ्या एकाही माणसाला डोळे नव्हते.

रविवारी फोटो बघायला बायका घरी येणार होत्या. मी आईला म्हटलं, त्यांना येऊ नका सांग. आईचा आवाज त्या हजेरीनंतर जो गेला तो परत आलाच नाही, पुढंही कधी नीट आला नाही. तिनं मान हलवली. येणाऱ्या माणसाला नाही म्हणायचं नाही, असा त्याचा अर्थ. तिनं कांदेपोहे केले. त्या आल्या, नटूनथटून, संगणकासमोर खुर्च्या ओढून बसल्या. मी फोटो दाखवायला लागले. मैदानातल्या फोटोवर दंगा झाला. मी जाड दिसते, तू कुठं बघतेस. मग हॉलमधला पहिला फोटो आला आणि बोलणं थांबलं. मला वाटलं नलूताई काहीतरी लागेल असं बोलतील. मी त्यांची वाट बघत होते म्हटलं तरी चालेल. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाल्या, “पोहे छान झालेत हो, बाई.” बाकीच्या लगेच पोह्यांकडे वळल्या. त्या दयाळूपणानं मला जे झालं ते कुठल्याही टोमण्यानं झालं नसतं.

त्या गेल्यावर बशा तशाच पडल्या होत्या. आई माझ्यासमोर येऊन बसली आणि तिच्या त्या नुसत्या हवेच्या आवाजात तिनं विचारलं, “ऑटो का नव्हतं?”

मी सांगितलं. परीक्षकांचा विनोद सांगितला, मधल्या रांगेतलं वाक्य सांगितलं, ते सांगताना शब्द अडखळले. बाबा दारात उभे होते. त्यांच्याकडे न बघता मी म्हटलं, “बाबांना कळलं नव्हतं. तेही हसले.”

आईनं बाबांकडे बघितलं. “अहो?”

 बाबा खाली बसले आणि बशा एकात एक घालू लागले. “कळलं होतं,” ते म्हणाले.

“मग हसलात का?” मी विचारलं. मला वाटलं त्यापेक्षा ते मोठ्यानं निघालं.

“हसलं नाही की लोक बघतात, सुजा. ते वाक्य ज्याच्यासाठी आहे तो कुठं बसलाय, हे सगळ्यांना कळतं. हसलं की सुटतो माणूस. कचेरीत मी असंच करत आलोय. सवयच लागलीय तोंडाला.” एक पोह्याचा दाणा बशीला चिकटला होता, तो ते नखानं काढत राहिले. “तू मागं बघितलंस तेव्हा मात्र मला वाटलं, हिनं बघायला नको होतं.”

 मला बाबांच्या जवळ जावंसं वाटलं आणि जाता आलं नाही. मला त्यांची लाज वाटली होती, त्यांना स्वतःची वाटली होती, आणि आम्ही दोघं त्यानंतर एकाच ताटात भाकरी मोडत होतो. आई उठली, तिनं बाबांच्या हातातल्या बशा घेतल्या आणि मोरीत नेऊन ठेवल्या. नळ सोडल्याचा आवाज आला. ती तिथं बराच वेळ होती.

मी हळूहळू पुन्हा ऑटो वापरायला लागले. आकडा वर किती जाऊ द्यायचा त्याची मर्यादा मी घालते, खालचं कॅमेरा बघतो, आणि मी माणसांकडे बघते. नवी मुलं मला कधी कधी विचारतात, ताई, एवढी वर्षं काम करूनही ऑटो? मी हो म्हणते. कान अजून जरा तापतात. ते थांबतील असं मला वाटत नाही.

पण सांगायचं ते हे नाही. त्या रविवारनंतर काही दिवसांनी बाबा संध्याकाळी कचेरीतून आले. नेहमीसारखी स्कूटर लावली, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. आई भाकऱ्या थापत होती, मी चटणी कुटत होते. आमच्यापैकी कुणाला ते सांगत होते कळेना.

“आज जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी तो नेहमीचा विनोद केला. भरतीवरचा,” ते म्हणाले. “मी हसलो नाही.”

आईचा हात भाकरीवर थांबला. “मग?” मी विचारलं.

“मग काही नाही. सगळे डबे खात होते. पंख्याचा आवाज येत होता.” त्यांनी ओला हात लेंग्याला पुसला. चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हता. उलट वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखे ते आत येऊ की नको अशा बेतात उभे होते. “बराच वेळ येत होता.”

आईनं तव्यावरची भाकरी उलटली, टम्म फुगली तशी ताटात टाकली आणि ताट त्यांच्या पाटासमोर सरकवलं.